दाराबाहेरचा आप्त : अतिदक्षता विभाग आणि गंभीर रुग्णाची भेट

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील चिंचपाडा हे सुरत-भुसावळ लोहमार्गावरील एक लहान गाव असले, तरी मिशनरी काळापासून चालत आलेल्या चिंचपाडा ख्रिश्चन हॉस्पिटलमुळे त्याचे नाव गावाच्या आकारमानाच्या तुलनेत बरेच दूरवर पोहोचलेले आहे. हे रुग्णालय आज इमॅन्युएल हॉस्पिटल असोसिएशन ही संस्था चालवते आणि देशाच्या अनेक दुर्गम भागांत या संस्थेची अशीच रुग्णालये आहेत. गुजरातची हद्द येथून इतकी जवळ आहे की नवापूर स्थानकाच्या फलाटाचा काही भाग महाराष्ट्रात आणि उरलेला गुजरातेत मोडतो. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यापासून वेगळ्या झालेल्या नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे साडेसोळा लाख होती आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के होते. मावची, भिली, पावरी, अहिराणी, गुजराती आणि मराठी या भाषा येथील बाजारात एकाच दिवशी कानावर पडतात, आणि रुग्णालयाच्या व्हरांड्यातही त्याच पडतात.

अतिदक्षता विभागाची, म्हणजे बोलीभाषेतल्या आयसीयूची, जी वर्णने वृत्तपत्रांतून वा चित्रपटांतून वाचकांपर्यंत पोहोचतात, ती बहुधा मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांची असतात. तेथे काचेचे दार, भेटीची ठरलेली वेळ, हातातला पास आणि बाहेरच्या खुर्च्यांवर रात्र काढणारी माणसे असे चित्र असते आणि त्या चित्रात नातेवाइकाला पाहुण्यापेक्षा वेगळी भूमिका नसते. आदिवासी भागातील रुग्णालयांच्या बाजूने पाहू लागले की ही मांडणी अपुरी असल्याचे ध्यानात येते, कारण रुग्णाला झोळीतून किंवा जीपमधून आणणारा, त्याच्या आजाराची हकिगत सांगणारा, औषधाचे पैसे उभे करणारा, प्रसंगी हाताने श्वास देणारा आणि शेवटी उपचार चालू ठेवायचे की घरी न्यायचे हे ठरवणारा माणूस तोच असतो. उपचारांतला इतका मोठा वाटा ज्याच्याकडे आहे, त्याला दिवसातून दहा मिनिटांचा अभ्यागत मानणारी व्यवस्था कोठून आली, हे समजण्यासाठी या विभागाच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते.

१९५२ च्या उन्हाळ्यात डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन येथे पोलिओची मोठी साथ आली. त्या साथीत श्वसनाचे व गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांची संख्या असाधारण होती. त्या काळी अशा रुग्णांसाठी 'लोखंडी फुप्फुस' नावाचे यंत्र वापरीत. मानेखालचे सारे शरीर एका पिंपात ठेवून, आतल्या हवेचा दाब कमी-जास्त करून छाती फुगवणारे ते यंत्र होते. परंतु तेथील ब्लेगडॅम रुग्णालयात अशी यंत्रे मोजकी होती आणि ज्यांच्या घशात स्राव साचत असे त्यांना या यंत्रांचा फारसा उपयोगही होत नव्हता. पहिल्या तीन आठवड्यांत यंत्रावर ठेवलेल्या ३१ रुग्णांपैकी २७ दगावले. त्या वेळी बियोर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने असे सुचवले की, शस्त्रक्रियेच्या वेळी भूल दिलेल्या रुग्णाला जसा नळीतून दाबाने श्वास देतात तसाच याही रुग्णांना द्यावा. त्यासाठी गळ्यापुढे श्वासनलिकेला छिद्र पाडून नळी बसवावी आणि तिला जोडलेली रबरी पिशवी हाताने दाबत राहावी. २७ ऑगस्ट १९५२ रोजी बारा वर्षांच्या एका मुलीवर हा प्रयोग यशस्वी झाला आणि मग प्रश्न उरला तो पिशव्या दाबणाऱ्या हातांचा. सुमारे दीड हजार विद्यार्थी, मुख्यतः वैद्यकीचे, पाळ्या लावून महिनोन्महिने रुग्णांच्या उशाशी बसून राहिले. एका वेळी सत्तर-सत्तर रुग्ण केवळ हाताने दिलेल्या श्वासावर जगत होते. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पुढल्या वर्षी, १९५३ च्या डिसेंबरात, इब्सेन यांनी त्याच शहरातील दुसऱ्या एका रुग्णालयात अशा सर्व रुग्णांसाठी एक वेगळा विभाग उघडला आणि जगातील पहिला अतिदक्षता विभाग म्हणून सामान्यतः त्याचाच निर्देश केला जातो.

या इतिहासातील एक गोष्ट पाठ्यपुस्तकांतून सहसा झाकली जाते. अतिदक्षता म्हणजे यंत्रांची गर्दी ही समजूत नंतरची आहे. मुळात ती एका रुग्णाशेजारी सतत बसलेल्या एका माणसाची कल्पना होती. कृत्रिम श्वसनयंत्र, म्हणजे व्हेंटिलेटर, त्या विद्यार्थ्यांच्या हाताची जागा घेण्यासाठी सुधारत गेले, आणि यंत्रे वाढली तशी उशाशी बसणाऱ्या माणसाची खुर्ची हळूहळू दाराबाहेर सरकली.

भारतातील लहान रुग्णालयांत ती खुर्ची पूर्णपणे कधीच बाहेर गेली नाही. हातात मावणारी आणि दाब सोडताच आपोआप फुगणारी पिशवी १९५६ च्या सुमारास डेन्मार्कमध्येच तयार झाली. तिच्या व्यापारी नावावरून आपल्याकडे तिला 'अंबू बॅग' म्हणतात. जेथे व्हेंटिलेटर एकच आहे आणि गरज दोघांना आहे, किंवा वीज गेली आहे, किंवा रुग्णाला सुरतेस वा धुळ्यास हलवायचे आहे, तेथे ही बॅग दाबण्याचे काम आजही अनेकदा नातेवाइकाकडे येते. परिचारिका त्याचा हात आपल्या हाताखाली धरून लय शिकवते. प्रौढ माणसासाठी साधारण पाच ते सहा सेकंदांतून एकदा दाबायचे, दाबताना छाती वर उचलली जाते का ते पाहायचे आणि नंतर ती पूर्ण खाली बसू द्यायची, एवढेच ते शिक्षण असते. घाबरलेला माणूस मात्र हमखास भरभर दाबतो. त्यामुळे आत गेलेली हवा बाहेर पडण्याआधीच पुढची हवा शिरते, छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते आणि रक्तदाब घसरतो. म्हणून अनुभवी सिस्टर पहिली दहा मिनिटे नातेवाइकाला एकटे सोडत नाही आणि नंतरही अर्ध्या-पाऊण तासाने हात बदलायला लावते. शेतात राबणाऱ्या मनगटालाही हे काम सोपे जात नाही, कारण येथे ताकदीपेक्षा लक्ष लागते. ही व्यवस्था आदर्श आहे असे कोणी म्हणणार नाही. व्हेंटिलेटरवरच्या प्रत्येक रुग्णामागे एक प्रशिक्षित परिचारिका असावी हा सर्वसाधारणपणे मान्य दंडक आहे आणि नातेवाइकाच्या हातात बॅग देणे हे त्या दंडकातील तुटीचेच लक्षण आहे. तरीही ज्याने आपल्या माणसाला चार तास हाताने श्वास दिला आहे, त्याला रुग्णाची स्थिती वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

नवापूरच्या भातशेतीच्या पट्ट्यात या पिशवीची आणि व्हेंटिलेटरची खरी कसोटी पावसाळ्यात लागते, आणि ती लावणारा प्राणी म्हणजे मण्यार. भारतातील चार प्रमुख विषारी सापांपैकी घोणस आणि फुरसे यांच्या विषाचा परिणाम मुख्यतः रक्तावर होतो, तर नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर काम करते. मण्यार रात्री हिंडते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला झोपेतच चावते. दंशाच्या जागी सूज नसते, वेदना जवळजवळ नसते, कित्येकदा खूणही सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, मग पापण्या जड होऊन मिटू लागतात, गिळता येत नाही, आवाज नाकातून येतो, आणि काही तासांत श्वसनाचे स्नायू थकतात. पोटदुखी म्हणून दुर्लक्ष झाले किंवा भगताकडे मंत्राने विष उतरवण्यात सकाळ गेली, तर रुग्णालयात पोहोचेपर्यंत श्वास थांबण्याच्या बेतात आलेला असतो. प्रतिविष, म्हणजे सापाच्या विषावरील इंजेक्शन, तातडीने दिले जाते. पण मण्यारीचे विष मज्जातंतूंच्या टोकांचेच नुकसान करत असल्यामुळे एकदा जडलेले लुळेपण प्रतिविषाने लगेच हटत नाही. ती टोके शरीर स्वतः पुन्हा तयार करते आणि त्याला काही दिवस लागतात. तेवढे दिवस व्हेंटिलेटरने श्वास चालवून दिला, की तोच माणूस बहुधा कोणतेही व्यंग न राहता चालत घरी जातो. अतिदक्षता विभागाचे सामर्थ्य इतक्या निर्विवादपणे दाखवणारा दुसरा आजार क्वचितच असेल.

नातेवाइकाच्या दृष्टीने या आजाराचे एक भयंकर वैशिष्ट्य आहे. लुळेपण पूर्णत्वाला गेले की रुग्ण डोळे उघडत नाही, बोट हलवत नाही, खोकत नाही. त्याच्या बाहुल्यादेखील कधीकधी प्रकाशाला प्रतिसाद देत नाहीत, आणि पाहणाऱ्याला तो मेलेला किंवा मेंदू बंद पडलेला वाटतो. प्रत्यक्षात तो पुष्कळदा शुद्धीवर असतो आणि सारे ऐकत असतो. बरे झालेल्या रुग्णांनी आपल्या खाटेशी झालेले बोलणे नंतर सांगितल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. 'आता काही राहिले नाही, घेऊन चला' हे वाक्य खाटेजवळ उच्चारले गेले, तर ते ज्याच्याविषयी आहे त्याच्याच कानी पडते. उपचार अर्ध्यावर सोडून जिवंत माणसाला घरी नेण्याचा धोकाही येथेच सर्वांत मोठा असतो. म्हणून सर्पदंशाच्या रुग्णाची भेट ही उपचाराचा भाग म्हणून शिकवावी लागते: जवळ जाऊन आपले नाव सांगायचे, आज कोणता वार आहे, सकाळ आहे की रात्र, तो कोठे आहे, नळी का घातली आहे आणि ती काही दिवसांनी निघणार आहे हे त्याच्याच भाषेत बोलायचे. मावची बोलणाऱ्या म्हाताऱ्याशी मावचीतून बोलू शकणारी व्यक्ती विभागात डॉक्टर नसते, बहुतेक वेळा सिस्टरही नसते. ती त्याची सून किंवा नातू असते.

विषबाधेच्या रुग्णांची गोष्ट उलट असते. शेतीची कीटकनाशके, त्यांतही सेंद्रिय फॉस्फरसयुक्त औषधे पोटात गेली तर तोंडाला फेस येतो, घाम फुटतो, छातीत स्राव भरतो आणि नाडी मंदावते. त्यावर ॲट्रोपिन हे औषध वारंवार द्यावे लागते. या औषधाने स्राव आटतो, पण त्याचबरोबर तोंड कोरडे पडते, त्वचा तापते आणि रुग्ण बरळू लागतो, हवेत काहीतरी पकडू लागतो, नळ्या ओढतो. या गोंधळलेल्या अवस्थेला वैद्यकात डिलिरियम म्हणतात, आणि ती विषबाधेपुरती मर्यादित नसून जंतुसंसर्ग, ताप, झोपमोड, गुंगीची औषधे यांपैकी कशानेही अतिदक्षता विभागातील कोणालाही होऊ शकते. नातेवाइकांना ते वेड लागल्यासारखे किंवा बाहेरची बाधा झाल्यासारखे वाटते. ही अवस्था सहसा तात्पुरती असते, एवढे वेळेवर सांगितले तर खाटेशी होणारी रडारड टळते, आणि ओळखीचा आवाज, घरातला चष्मा, कानाचे यंत्र व रात्री मंद केलेला दिवा यांचा गुंगीच्या इंजेक्शनाइतकाच, कधी त्याहून अधिक, उपयोग होतो. पाणी मागणाऱ्या अशा रुग्णाला चोरून पाणी पाजणे मात्र जिवावर बेतते, कारण ते पाणी अन्ननलिकेऐवजी फुप्फुसात उतरू शकते. ओल्या कापसाने ओठ पुसून देण्याची मुभा बहुतेक सिस्टर आनंदाने देतात.

खाटेवरील पडदा, म्हणजे मॉनिटर, नातेवाइकाचे सर्वाधिक लक्ष खेचतो. त्यावरचे आकडे हृदयाचे ठोके, रक्तदाब, श्वासांची गती आणि रक्तातील ऑक्सिजनचे शेकडा प्रमाण दाखवतात. यांतले शेवटचे मापन बोटाला लावलेल्या चिमट्यातून होते. ताकुओ आओयागी या जपानी अभियंत्याने १९७४ च्या सुमारास ते तंत्र शोधले. तो चिमटा बोटातून लाल व अवरक्त प्रकाश पाठवून किती शोषला गेला ते मोजतो. रुग्णाने हात हलवला, बोट थंड पडले, नखाला गडद रंग लावलेला असला की आकडा घसरतो आणि यंत्र ओरडू लागते. असे बहुतेक आवाज खोटे असतात हे विभागात काम करणाऱ्यांना माहीत असते, पण बाहेरून आलेल्याला माहीत नसते. त्यामुळे पहिल्याच भेटीत एक मिनिट काढून कोणता आवाज काळजीचा आणि कोणता नाही हे दाखवले, तर पुढच्या भेटीत नातेवाईक पडद्याकडे कमी आणि आपल्या माणसाकडे जास्त पाहतो.

याच ऑक्सिजनने २०२० आणि २०२१ मध्ये नंदुरबारला देशाच्या नकाशावर आणले. कोविडच्या पहिल्या लाटेत, सप्टेंबर २०२० मध्ये, जिल्ह्यात हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारा पहिला प्रकल्प सुरू झाला आणि रुग्णसंख्या ओसरलेली असतानाही तत्कालीन जिल्हाधिकारी डॉ. राजेंद्र भारूड यांनी पुढील प्रकल्पांची उभारणी थांबवली नाही. भिल्ल समाजातून आलेल्या आणि स्वतः डॉक्टर असलेल्या भारूड यांना ऑक्सिजन हे औषध आहे व औषधासारखेच ते मोजून द्यावे लागते याची जाण होती, असे म्हणायला हरकत नाही. कोणत्या रुग्णाला किती ऑक्सिजन चालू आहे, मास्क सैल तर नाही, रुग्ण जेवायला उठला असताना नळी उगाच वाहत तर नाही, एवढेच पाहण्यासाठी नेमलेल्या 'ऑक्सिजन नर्स'ची पद्धत नंतर राज्यातील इतर जिल्ह्यांनीही घेतली. सुरतेपासून नागपूरपर्यंत खाटांसाठी धावाधाव चालू असताना एप्रिल २०२१ मध्ये शेजारच्या भागांतून रुग्ण नंदुरबारकडे येत होते. या जिल्ह्यातील माणसांनी तो प्रवास आजवर नेहमी उलट्या दिशेने केलेला होता.

त्याच काळाने भेटीच्या प्रश्नाला सर्वांत कठोर रूप दिले. संसर्गाच्या भीतीने सर्वत्र भेटी बंद झाल्या, हजारो माणसे आप्तांचा चेहरा न पाहता गेली, आणि ज्यांच्या घरी कोणी असे गेले त्या घरांत ती सल अद्याप आहे. कोविडच्या पहिल्या महिन्यांत त्या बंदीला सबळ कारण होते; परंतु एरवीच्या काळातील भेटबंदीला तितके बळ नाही. नातेवाईक आत आल्याने जंतुसंसर्ग वाढतो हे कारण दारावरच्या फलकांवर कायम लिहिलेले असते. ब्राझीलमधील ३६ अतिदक्षता विभागांत झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत नातेवाइकाला दिवसाकाठी बारा तासांपर्यंत खाटेशेजारी बसू दिले गेले. डिलिरियमच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही, त्यामुळे ज्यांना मोठ्या चमत्काराची अपेक्षा होती ते निराश झाले. पण जंतुसंसर्ग वाढला नाही, कर्मचाऱ्यांचा थकवा वाढला नाही, आणि नातेवाइकांमधील चिंता व नैराश्य मात्र स्पष्टपणे कमी झाले. जंतू मुख्यतः हातांवरून प्रवास करतात. आपल्याकडील पुष्कळ विभागांत दाराशी चपला काढायला लावण्याबाबत जी कडक शिस्त असते, तिच्या निम्मी शिस्त हात धुण्याबाबत असती तर रुग्णांचे अधिक भले झाले असते. चपला काढल्याने संसर्ग टळतो याला फारसा आधार नाही.

भेटीच्या वेळी दाराशी आणखी एक देवघेव होत असते, तिच्याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. सर्पदंश झालेल्या हातापायातील अंगठ्या, कडे, तोडे लगेच काढावे लागतात, कारण सूज चढली की तेच दागिने रक्तप्रवाह अडवतात. आदिवासी स्त्रीच्या पायातील चांदीचा जाड दागिना कित्येक वर्षांत निघालेला नसतो आणि तो कापावा लागला तर घरातील वडीलधाऱ्यांना तो अपशकुन वाटतो. कापण्यापूर्वी त्यांना आत बोलावून, त्यांच्यासमोर कापून, तुकडे त्यांच्याच पदरात घालणारे रुग्णालय आणि न विचारता कापून पिशवीत भरून देणारे रुग्णालय, यांच्यावरील विश्वासात पुढे मोठे अंतर पडते. भगताने बांधलेला दोरा किंवा अंगाऱ्याची पुडी यांबाबतही हेच आहे: दोरा सलाईनच्या सुईच्या आड येत नसेल तर तो तोडण्यात वैद्यकीय लाभ काहीच नसतो, आणि तोडलेल्या दोऱ्याची बातमी गावात औषधाच्या बातमीपेक्षा आधी पोहोचते. दंशाच्या वर करकचून बांधलेली दोरी ही मात्र वेगळी गोष्ट. तिने अवयव गमावण्याची वेळ येते आणि ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी लागते.

खाटेशी घालवलेल्या वेळेपेक्षाही नातेवाइकाला अधिक हवे असते ते नीट बोलणे. 'चान्स किती टक्के?' हा महाराष्ट्रातील प्रत्येक अतिदक्षता विभागाबाहेर विचारला जाणारा प्रश्न आहे, आणि त्याला आकड्यात उत्तर देणारा डॉक्टर बहुतेक वेळा चुकीचेच उत्तर देत असतो. रुग्ण किती गंभीर आहे याची गणिती मोजपट्टी वैद्यकात आहे खरी, परंतु ती शंभर सारख्या रुग्णांपैकी किती वाचतील हे सांगते. समोरचा त्या शंभरांतला कितवा, हे ती सांगत नाही. याउलट 'काल दोन औषधांवर रक्तदाब टिकत होता, आज तीन लागत आहेत, लघवी कमी झाली आहे, उद्या सकाळी पुन्हा बोलू' हे वाक्य शाळा न पाहिलेल्या माणसालाही समजते आणि रोज एकाच वेळी, एकाच डॉक्टरने, बसून सांगितले तर त्याचा अर्थ हळूहळू जुळत जातो. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ऐकणारा माणूस बहुधा एकटा नसतो. निर्णय घरातला थोरला घेतो, आणि दिवाळीनंतर तो दक्षिण गुजरातेत ऊसतोडीला गेलेला असू शकतो. मग फोनवरून त्याला विचारले जाते, तो मुकादमाकडून उचल मागतो, दुसऱ्या दिवशी पोहोचतो, आणि तोवर व्हरांड्यातील माणसांकडून सही मागण्यात अर्थ नसतो.

पैशाचा विषय यापासून वेगळा काढता येत नाही. २ जुलै २०१२ रोजी आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. आज ती महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. अनेक गंभीर आजारांचा खर्च तिच्यातून भागतो, पण ती केवळ मान्यताप्राप्त रुग्णालयांत व ठरलेल्या उपचारांनाच लागू होते. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका रस्त्यापर्यंत येते. सातपुड्याच्या वरच्या पाड्यांवरून रस्त्यापर्यंतचे अंतर बांबूला बांधलेल्या झोळीतून पार होते, जिला पत्रकारांनी 'बांबूलन्स' असे कडवट नाव दिले आहे. इतके करून आलेल्या कुटुंबाला शंभराहून अधिक किलोमीटरवरील सुरतेस पाठवणे म्हणजे रुग्णाबरोबर त्याच्या आप्तांनाही अनोळखी भाषेत, अनोळखी व्हरांड्यात नेऊन सोडणे असते. म्हणूनच जे उपचार जवळच्या मध्यम आकाराच्या रुग्णालयात सुरक्षितपणे होऊ शकतात, ते तेथेच व्हावेत या मताला केवळ सोयीचा आधार नाही.

उपचार थांबवण्याचा कायदेशीर प्रश्न भारतात महाराष्ट्रातूनच पुढे आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मध्ये स्वतःवर झालेल्या हल्ल्यानंतर बेचाळीस वर्षे त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांच्या संदर्भातील याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे अन्न थांबवण्यास नकार दिला, मात्र काही परिस्थितींत जीवनरक्षक उपचार मागे घेता येतील हे तत्त्व मान्य केले. त्यांची सेवा करणाऱ्या रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांनाच न्यायालयाने त्यांचे खरे आप्त मानले, ही त्या निकालातील विशेष ध्यानात घेण्याजोगी बाब आहे. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. पुढे त्याच न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क आणि पूर्वनिर्देश, म्हणजे आपण बोलण्याच्या स्थितीत नसताना कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवणे, या दोहोंना मान्यता दिली. मूळ कार्यपद्धती अतिशय किचकट होती. २४ जानेवारी २०२३ रोजी न्यायालयाने ती सुलभ केली: आता पूर्वनिर्देश नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेता येतो आणि उपचार मागे घेण्यापूर्वी रुग्णालयाने नेमलेल्या डॉक्टरांच्या दोन मंडळांनी, शक्यतो प्रत्येकी ४८ तासांत, मत द्यावे लागते. हे पूर्वनिर्देश जतन करण्यासाठी स्थानिक संस्थांनी अधिकारी नेमावेत म्हणून मुंबईचे स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात पाठपुरावा केल्यानंतर महाराष्ट्रात तशा नेमणुका झाल्या. केंद्रीय आरोग्य विभागाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्णाने किंवा त्याच्या निकटच्या आप्तांनी नकार दिल्यास त्याला अतिदक्षता विभागात ठेवू नये, आणि रुग्णहक्कांच्या सनदेनुसार बिलाच्या वादापायी रुग्णाला वा मृतदेहाला अडवून ठेवता येत नाही.

कायद्याची ही भाषा आणि गावातील व्यवहार यांची गाठ एका जुन्या रीतीपाशी पडते. सातपुड्याच्या पायथ्याच्या पुष्कळ कुटुंबांना आपले माणूस घरच्या जमिनीवर, आपल्या माणसांत जावे असे वाटते. त्यातच मृत्यूनंतर शववाहिकेचा खर्च आणि कागदपत्रे यांची धास्ती असते. त्यामुळे आशा संपल्याचे जाणवताच ते रुग्णाला घेऊन जातात आणि केसपेपरवर 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज', म्हणजे रुग्णालयाच्या बोलीत 'डामा', असा शेरा पडतो. या एका शेऱ्याखाली दोन अगदी भिन्न माणसे नोंदवली जातात: चार दिवस व्हेंटिलेटरवर राहिला असता तर वाचला असता असा मण्यार चावलेला तरुण, आणि ज्याच्यासाठी अतिदक्षता विभागाकडे देण्यासारखे काही उरले नव्हते असा कर्करोगाचा वृद्ध. पहिल्याला थांबवण्यासाठी रुग्णालयाने सारी शक्ती पणाला लावायला हवी. दुसऱ्याच्या घरी जाण्याला 'विरुद्ध' म्हणण्याचे कारण नाही, त्याची तयारी करून द्यायला हवी. वेदना आणि धाप कमी करणाऱ्या, घरापर्यंत जाणाऱ्या पॅलिएटिव्ह, म्हणजे परिहारक सेवेचे काम हेच आहे, आणि चिंचपाड्याच्या रुग्णालयाने ते हाती घेतलेले आहे. घरी निघालेल्या अशा रुग्णासोबत मॉर्फिनच्या गोळ्या व त्या किती तासांनी द्यायच्या याची चित्रांतली चिठ्ठी, मळमळ आणि बद्धकोष्ठतेवरील औषध, लघवीची नळी असेल तर पिशवी रिकामी करण्याची रीत आणि रात्री उचलला जाईल असा एक फोन क्रमांक जावा लागतो. अमली पदार्थविषयक कायद्यातील २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिनवरील परवान्यांचे जाळे बरेच सैल झाले आहे, तरी ते बाळगणारी रुग्णालये ग्रामीण भागात अजून थोडीच आहेत. ज्या तालुक्यात असे एखादे रुग्णालय आहे, तेथील आशा कार्यकर्तीला त्याचा पत्ता ठाऊक असणे हे आजच्या घडीला एखाद्या नव्या व्हेंटिलेटरपेक्षा अधिक कुटुंबांच्या उपयोगी पडणारे आहे.